विचारपूस

आत्मसुधारणेच्या पुस्तकांस अलीकडे बरे दिवस आले आहेत. खामगांवच्या बसस्थानकावर किंवा शेगांवच्या रेल्वे स्थानकाबाहेर पुस्तकांचें एखादें दुकान पाहावें, तर पोथ्या आणि स्पर्धा-परीक्षांचीं मार्गदर्शकें सोडून उरलेली सारी जागा याच पुस्तकांनीं व्यापलेली असते. सात दिवसांत आत्मविश्वास, एकवीस दिवसांत नवी सवय, तीस दिवसांत नवा स्वभाव, असा त्यांचा हिशेब असतो. इतका नेमका भाव आमच्या कापसाच्या बाजारांतील अडत्यासहि सांगतां यावयाचा नाहीं. आमचे विद्यार्थी हीं पुस्तकें विकत घेतात, वाचतात, त्यांतील वाक्यांखालीं तांबड्या शाईच्या रेघा ओढतात, आणि एक संपलें कीं दुसरें घेतात.

या पुस्तकांची थट्टा करणें सोपें आहे, आणि आम्हां प्राध्यापकवर्गास तें आवडतेंहि. परंतु जो मुलगा मोताळ्याहून किंवा संग्रामपुराहून रोज एस. टी.च्या गर्दींत उभा राहून येतो आणि चहाचे पैसे वांचवून असलें पुस्तक घेतो, त्याला कांहीं तरी बोचत आहे, एवढें तरी मान्य केलें पाहिजे. त्याला काय बोचतें हें त्या पुस्तकास ठाऊक नाहीं आणि तें विचारीतहि नाहीं, एवढीच आमची तक्रार आहे. आरशापुढें उभा राहा, स्वतःशीं बोल, स्वतःचें निरीक्षण कर, स्वतःचा मित्र हो, असें तें सांगतें. सगळा कारभार एकट्याचा! जणूं मनुष्याचा स्वभाव म्हणजे घराच्या मागील दारीं उघडलेलें एक लहानसें दुकान असून, मालक, नोकर आणि गिऱ्हाईक तोच.

या संप्रदायाचा मूळपुरुष म्हणून बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडे बोट दाखविण्याची रीत आहे. त्यांनीं तेरा सद्गुणांचें एक कोष्टक आखलें होतें. दर आठवड्यास एका गुणाकडे विशेष लक्ष द्यावयाचें, चूक झाली कीं वहींत काळा ठिपका द्यावयाचा, आणि तेरा आठवड्यांचें आवर्तन वर्षांतून चार वेळां करावयाचें, असा त्यांचा क्रम. ही हकीकत सर्वांस माहीत असते. पण त्याच आत्मचरित्रांतील एका बारीक गोष्टीकडे फारसें कोणी पाहत नाहीं. त्या यादींत आरंभीं बाराच गुण होते. एका क्वेकरपंथी स्नेह्यानें फ्रँकलिन यांस सौम्यपणें सांगितलें कीं, लोक तुम्हांस गर्विष्ठ समजतात, आणि त्याचे दाखलेहि दिले. तेव्हां कोठें विनय हा तेरावा गुण यादींत आला. म्हणजे वही स्वतःची, शाई स्वतःची, ठिपके देणारा हात स्वतःचा. पण जो दोष सगळ्या गांवास दिसत होता, तो त्या वहीस दिसला नाहीं. तो दिसण्यास दुसऱ्याचे डोळे लागले. शिवाय हेच गृहस्थ १७२७ पासून एक मित्रमंडळ चालवीत होते आणि दर शुक्रवारीं सायंकाळीं त्या मित्रांत बसत होते. पुस्तकवाल्यांनीं वही घेतली आणि शुक्रवार टाकून दिला.

त्या क्वेकर स्नेह्यानें जें केलें, त्याला आमच्या भाषेंत एक साधा शब्द आहे: विचारपूस. विचारणें आणि पुसणें या दोन्ही धातूंचा अर्थ एकच. मग एकाच अर्थाचे दोन शब्द जोडण्याचें कारण काय? आमचा तर्क असा कीं, एकदां विचारलें म्हणजे जें उत्तर येतें, तें बहुधा खरें नसतें. खऱ्या उत्तरासाठीं पुन्हां पुसावें लागतें, हें पिढ्यान्‌पिढ्यांचें शहाणपण त्या जोडशब्दांत सांठविलेलें आहे. व्युत्पत्तिशास्त्रज्ञ हंसतील, हंसोत बापडे.

आपल्या मनांत काय चाललें आहे हें ओळखणें ही सुधारणेची पहिली पायरी, असें आजचें मानसशास्त्र म्हणतें. डॅनियल गोलमन यांचें भावनिक बुद्धिमत्तेवरील पुस्तक १९९५ सालीं निघालें, आणि तेव्हांपासून हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांपर्यंत जाऊन पोहोंचला. तत्त्व खरें आहे. परंतु ओळखावयाचें म्हणजे नांव द्यावें लागतें, आणि नांवांच्या बाबतींत आम्ही दिवसेंदिवस दरिद्री होत चाललों आहों. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, खंत, घालमेल, तळमळ, उद्वेग, वैताग, विरस, धास्ती, एवढी संपत्ति घरांत असतां आमच्या मुलांच्या तोंडीं एकच शब्द: टेन्शन. परीक्षा जवळ आली, टेन्शन. बापाचें कर्ज थकलें, टेन्शन. मैत्रीण बोलली नाहीं, टेन्शन. बस चुकली, तरीहि टेन्शन. घरांत वीस भांडीं असतां सर्व स्वयंपाक एकाच पातेल्यांत करावा, तशी ही गत आहे. आमच्या वऱ्हाडी आया अजून म्हणतात, 'मले करमत नाही', 'जीव लागत नाही'. तीस वर्षें इंग्रजी शिकवून या 'करमत नाही'ला इंग्रजींत चपखल प्रतिशब्द आम्हांस सांपडलेला नाहीं. आणि अशा शब्दांची आमच्या शिकलेल्या मुलांस लाज वाटते.

एका वर्षीं पदवीच्या पहिल्या वर्गास आम्हीं एक खटाटोप करावयास सांगितलें. पंधरा दिवस रोज सायंकाळीं चार ओळी लिहावयाच्या. आज मनांत काय आलें तें घरच्या बोलींत मांडावयाचें. फक्त 'टेन्शन' हा शब्द वर्ज्य. पहिले तीन-चार दिवस मुलांचीं तोंडें बांधल्यासारखीं झालीं. नंतर हळूहळू शब्द परतूं लागले. एकाच्या लक्षांत आलें कीं सकाळीं वर्गांत शिरतांना आपल्या पोटांत जो गोळा येतो तो भीतीचा नसून लाजेचा आहे. इंग्रजींत प्रश्न विचारला जाईल ही ती लाज. एका मुलीनें लिहिलें कीं मला राग येतो असें सर्व म्हणतात, पण तो राग नसून थकवा आहे. घरचें पाणी भरून, भाकरी करून मी येतें. आणखी एकास असा शोध लागला कीं दहाच्या तासाची आपली खिन्नता ही केवळ भूक आहे. तो पहाटे साडेपांचास घर सोडीत असे. दुसऱ्या दिवसापासून त्यानें फडक्यांत भाकरी आणि ठेचा बांधून आणण्यास आरंभ केला, आणि त्याच्या खिन्नतेचें पुष्कळसें निवारण झालें. लाजेचा उपाय निराळा, थकव्याचा निराळा, आणि भुकेचा तर अगदींच निराळा. परंतु या सर्वांचें नांव टेन्शन असेतोंपर्यंत उपायहि एकच, दुकानांतील तें पुस्तक. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्यांच्या वह्या कोणी वाचीत होतें, त्यांचेंच लिहिणें टिकलें. ज्यांनीं त्या कुलूपबंद ठेवल्या, त्यांचें आठवड्याभरांत आटोपलें.

राग येण्यास विद्या लागत नाहीं. राग कशाचा आला हें शेवटपर्यंत ओळखीत जाण्यास ती लागते, आणि तिचें एक मोठें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत घडलेलें आहे. बुलडाण्यास सरकारी कचेरींत हेडक्लार्क असलेल्या बापूजी हरि शिंदे यांची कन्या ताराबाई. शाळा नाहीं; जें शिकल्या तें वडिलांच्या हाताखालीं. १८८१ सालीं सुरतेच्या न्यायालयांत विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण विधवेस बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. ती पुढें कमी झाली, पण तेवढें निमित्त साधून वृत्तपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर दूषणांचा वर्षाव झाला. तो वाचून ताराबाईंस राग आला. असा राग त्या दिवशीं अनेक घरांत अनेक स्त्रियांस आला असेल आणि चुलीपाशींच विझला असेल. ताराबाईंनीं तो विझूं दिला नाहीं आणि नुसता भडकूंहि दिला नाहीं. हा राग कोणाचा, कोणावर, कोणत्या गोष्टीसाठीं, हें त्यांनीं एकेक दोष हातीं घेऊन तपासलें. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथीं मारले जातात, ते पुरुषांत किती आहेत, याचा त्यांनीं हिशेब मांडला. १८८२ सालीं निघालेलें 'स्त्री-पुरुष-तुलना' हें पुस्तक म्हणजे तो हिशेब होय. भाषा झणझणीत आहे, कोठें कोठें वेडीवांकडीहि आहे. पण लेखिकेचा राग एकदांहि वाट चुकत नाहीं.

मग काय झालें? जोतीराव फुल्यांनीं 'सत्सारां'त त्यांची बाजू घेतली. बाकी सगळीकडे टीका आणि तिच्यामागून मौन. ताराबाईंचें दुसरें पुस्तक झालें नाहीं. आहे तेंहि विसरलें गेलें, तें १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुन्हां प्रकाशांत आणलें. त्या मधल्या वर्षांतील ताराबाईंचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. जिनें आपल्या मनाची एवढी नेमकी ओळख करून घेतली, तिच्याजवळ त्या बुलडाण्याच्या वस्तींत बसून 'बाई, पुढें काय लिहितां?' असें विचारणारें कोणी होतें काय? आत्मज्ञानाची तिला उणीव नव्हती. उणीव असलीच, तर ओट्यावर येऊन बसणाऱ्या एका माणसाची असावी.

आतां सवयीविषयीं. विल्यम जेम्स यांनीं १८९० सालीं आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथांत सवयीवर एक प्रकरण लिहिलें आहे. आजच्या पुस्तकवाल्यांचें बरेंचसें भांडवल तेंच. हे गृहस्थ तरुणपणीं स्वतः विषण्णतेनें इतके ग्रासलेले होते कीं जगावें कीं नाहीं हा प्रश्न त्यांच्यापुढें आला होता, म्हणून त्यांचा उपदेश कोरडा वाटत नाहीं. त्या प्रकरणांत ते एका रशियन बाईची गोष्ट सांगतात. ती नाटकगृहांत पात्रांच्या दुःखानें रडते आहे, आणि बाहेर तिचा गाडीवान थंडीनें गारठून मरतो आहे. जेम्स यांचा सल्ला असा कीं, भावना नुसती भोगून सोडूं नये. ती मनांत आली कीं लगेच कृतींत उतरवावी. मग ती कृति घरच्या म्हातारीशीं दोन गोड शब्द बोलण्याएवढी लहान कां असेना. आम्ही हें वर्गांत शिकवितों तेव्हां मुलें सुस्कारा टाकतात. पण शेगांवचें नांव घेतलें कीं त्यांच्या डोळ्यांत ओळख उमटते.

शेगांवच्या श्रीगजाननमहाराज संस्थानांत जो गेला आहे, त्यानें तेथील सेवेकरी पाहिलेच असतील. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी, दुकानदार, नोकरपेशाचीं माणसें पाळीपाळीनें येऊन, मोबदला न घेतां, झाडणें, वाढणें, रांग लावणें, जोडे संभाळणें हीं कामें करतात. समोर येईल त्याला 'माउली' म्हणून हांक मारावयाची, ही तेथील रीत. लक्षाधीश असो कीं भिकारी, 'माउली, पुढं चला.' आमचे एक तर्कनिष्ठ सहकारी यावर म्हणत, 'दिवसांतून हजार वेळां माउली म्हटल्यानें कोणी कोणाची माउली होते काय? ही तर ठरीव सभ्यता!' आक्षेप बिनतोड दिसतो. पण आमच्या ओळखींतील एक सेवेकरी, जो घरीं अत्यंत तापट म्हणून प्रसिद्ध, त्याची बायको आम्हांस सांगत होती, 'सेवेवरून आले का आठ दिवस बोली बदलते. नवव्या दिवशी पुन्हा गाडी रुळावर!' म्हणजे तर्कनिष्ठांचें म्हणणें नवव्या दिवसापासून खरें, आणि पहिले आठ दिवस खोटें. आम्हांस ते आठ दिवस अधिक महत्त्वाचे वाटतात. जीभ आधीं वळते आणि मन मागाहून येतें, असें पुष्कळदां घडतें. वारींत एकमेकांच्या पायां पडणारे दोघे वारकरी त्या क्षणीं नम्र असतातच असें नाहीं. पण वांकल्यावर ताठ राहणें अवघड होतें.

कृत्रिम सौजन्य आणि ही रीत यांत एक फरक मात्र खरा आहे. दूरध्वनीवरील तो मधुर ध्वनिमुद्रित आवाज 'आपला कॉल आमच्यासाठीं महत्त्वाचा आहे' असें सांगतो, पण त्याला आपणांस उलट कांहीं विचारतां येत नाहीं. ओट्यावरच्या माणसाला विचारतां येतें. खऱ्या नात्याची एवढीच खूण आम्ही मानतों.

हें सर्व आम्हांस ग्रंथांतून कळलें असें नाहीं. मेहकर तालुक्यांतील आमच्या मूळ गांवीं आमचे वडील बंधु शेती करतात. आमच्या घरापासून चार घरें सोडून एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांना सारा गांव आबा म्हणे. शिक्षण चौथीपर्यंत. रोज सायंकाळीं देवळांतील हरिपाठ आटोपला कीं ते हातांत काठी घेऊन निघत आणि तीन-चार ओट्यांवर थोडें थोडें टेकत. आमच्या ओट्यावर आले कीं भाऊंना त्यांचा ठरलेला प्रश्न असे, 'काय म्हंते मन, बाप्पा?' आणि भाऊंचें ठरलेलें उत्तर, 'मन काय म्हंते आबा, भाव काय म्हंते ते पाहा.' साहित्यशास्त्रांत आणि मोंढ्यांत 'भाव' या शब्दाचे दोन निराळे अर्थ होतात, याची कोटी आमच्या भावांनीं न शिकतां केली होती. मग सोयाबीन, ढेप, पाऊस यांवर दहा मिनिटें बोलणें होई आणि आबा उठत. वर्षानुवर्षें हाच पाठ. कोणी म्हणेल, यांत काय अर्थ आहे?

एका वर्षीं पाऊस लांबला, पेरणी उलटली, दुबार बियाण्यासाठीं सावकार झाला, आणि जें पीक हातीं आलें त्याच्या दरानें मजुरीहि भागली नाहीं. त्या दिवाळीनंतरच्या एका सायंकाळीं आबांनीं नेहमींचा प्रश्न केला आणि भाऊ कांहीं बोलले नाहींत. भावाचीहि गोष्ट काढली नाहीं. आबांनीं काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि तसेच बसले. पुन्हां कांहीं विचारलें नाहीं. वहिनींनीं चहा आणला, तो निवला. नऊ वाजले, दहा वाजले. दुसऱ्या ओट्यांवर त्या रात्रीं आबा गेले नाहींत. अकराच्या सुमारास भाऊ बोलूं लागले. काय बोलले तें त्यांनीं आम्हांस सांगितलें नाहीं आणि आम्हीं विचारलें नाहीं. एवढेंच सांगितलें कीं, जातांना आबांनीं कोठींतील फवारणीच्या औषधाचे डबे उचलले आणि म्हणाले, 'माह्या पऱ्हाटीले लागतात, घेऊन जातो.' आबांच्या वावरांत त्या सालीं पऱ्हाटीचें एक झाड नव्हतें. सगळी ज्वारी होती. हें दोघांसहि ठाऊक होतें.

दुसऱ्या दिवशीं आबा भाऊंना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यांत गेले, आणि तेथून सोसायटीच्या सचिवाकडे. तीन महिने औषध चाललें. कर्ज फिटावयास मात्र पांच वर्षें लागलीं.

ही गोष्ट भाऊंनीं आम्हांस पुष्कळ दिवसांनीं, बैलपोळ्याच्या दिवशीं, बैल धूत असतां सांगितली. आबांच्या त्या रोजच्या प्रश्नाचा अर्थ तेव्हां आम्हांस लागला. शेंकडों सायंकाळीं ज्याचें उत्तर हंसण्यावारी गेलें, तो प्रश्न वायां जात नव्हता. नेहमींचें उत्तर कोणतें हें पक्कें ठाऊक असल्यावांचून, आज उत्तर आलें नाहीं हें आबांस कसें कळतें? आणि जो मनुष्य फक्त संकटांत चौकशीला येतो, त्याच्यापुढें तोंड उघडेलच असें कोणी सांगावें?

यावरून कोणी असें समजूं नये कीं शेतकऱ्याच्या दुःखावर गोड बोलणें हेंच औषध. कर्ज हें कर्ज असतें. पाण्याचा, दराचा, पतपुरवठ्याचा प्रश्न विचारपुशीनें सुटत नाहीं. तो प्रश्न शासनासहि नाकारतां आला नाहीं. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांचें साहाय्य जाहीर केलें, त्या सहांत बुलडाणा होता. पैशाचें दुःख पैशानेंच हलकें व्हावयाचें. पण तें हलकें होईपर्यंत मनुष्य जगला पाहिजे, आणि तेवढा काळ त्याला कोणी तरी संभाळावा लागतो. ही गोष्टहि शासनाच्या ध्यानांत उशिरां कां होईना आली. २०१५ सालीं महाराष्ट्रांतील चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, आणि गांवच्या आशा सेविकांकडे घरोघर जाऊन माणसांच्या मनाची चौकशी करण्याचें काम आलें. २०२२ पासून टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशभर चालूं झाला आहे. तो प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. आमच्या गांवच्या आशाताई कागद घेऊन प्रथम भाऊंकडे आल्या, तेव्हां झोप कशी लागते म्हणून त्यांनीं विचारलें. भाऊ म्हणाले, चांगली लागते. आंतून वहिनींचा आवाज आला, 'अन् परवा रात्रभर अंगणात येरझारा कोण घालत होतं?' कागदावरचें उत्तर बदललें. एकाच्या मनाची खबर दुसऱ्याजवळ असते ती अशी.

आबा कांहीं वर्षांपूर्वीं वारले. आतां सायंकाळीं हरिपाठ सुटल्यावर भाऊ हातांत विजेरी घेऊन निघतात. ज्याची विहीर आटली तो एक ओटा, ज्याच्या मुलीचें लग्न मोडलें तो दुसरा, आणि तिसरा एका तरुणाचा, जो पुण्याची नोकरी सुटून परत आला आहे आणि कोणाशीं फारसें बोलत नाहीं. कोठें चहा मिळतो, कोठें मिळत नाहीं. सोयाबीनचा भाव मात्र तिन्ही ओट्यांवर एकच असतो.